शेजारचं मूल

४ फेब्रुवारी

ताई,

जमलं. मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अकरा तारखेला, सकाळी साडेदहा. फोन करायला मला तीन दिवस लागले. दोनदा घंटा वाजली आणि मी ठेवून दिला. तिसऱ्यांदा पलीकडची बाई उचलताच म्हणाली, "ठेवू नका." म्हणजे माझ्यासारख्या बऱ्याच असणार.

सुचवलं आमच्या बाइंडिंगखान्यातल्या कटिंगवाल्या काकांनी. मागच्या आठवड्यात मी चाळीस पुस्तकांना पुठ्ठे उलटे चिकटवले. काकांनी मालकांना ती चूक स्वतःची म्हणून सांगितली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकदा खोटं बोललो. दुसऱ्यांदा बोलणार नाही. माझी बायको जायची त्या डॉक्टरकडे जा, मुकाट्याने." आणि चिठ्ठीवर नंबर लिहून दिला.

तुझीही अटच होती, आधी डोकं दाखव, मग पोर ने. तर दाखवते आहे. पण मला भीती वाटते. तू वीस वर्षं इस्पितळात काढलीस, तुला माहीत असणार. तिथे काय करतात? आडवं झोपवून बोलायला लावतात का? खोटं बोललं तर त्यांना कळतं का? आणि खरं बोललं तर ठेवून घेतात का?

खारूला तुझ्याकडे सोडून अडीच महिने झाले. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती मला परत हवी आहे. बाकी मला काही नको, ताई. त्यासाठी डोकं काय, पाय म्हणालीस तरी दाखवीन.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र आलं तेव्हा पानं वाढलेली होती. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे: पत्र म्हणजे सगळ्यांचं, मोठ्या माणसाने मोठ्याने वाचायचं आणि वाचून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आई गेली म्हणून मी ती मोडलेली नाही. तुझे भाऊजी पायाच्या विनोदावर हसले. खारूने विचारलं, "आईचं डोकं दाखवायचं म्हणजे केस कापणार का?" मी म्हटलं, बघू या किती कापतात ते.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. मानसोपचाराच्या वॉर्डातले कपडे माझ्या धुलाईखात्यात मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. त्या पायजम्यांना नाड्या नसतात. का नसतात ते तुझं तू समज. अभ्र्यांची टोकं चावलेली असतात. तुझी डॉक्टरीण दवाखान्यात बसते, म्हणजे लगेच आत टाकणार नाही, पण नजरेने तोलते सगळं. फार नीटनेटकी गेलीस तर म्हणेल नखरे आहेत. वेडीविद्री गेलीस तर संपलंच. मधलं काहीतरी नेस, जे तुला आयुष्यात कधी जमलं नाही.

एक मात्र नक्की. लपवायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. जे असेल ते सगळं ओक. आणि तिला जे सांगशील ते शब्दन् शब्द मला लिही. परक्या बाईला कळावं आणि सख्ख्या बहिणीला कळू नये, असं नको. आई असती तर तिला लिहिलंच असतंस ना? आता आईच्या जागी मी आहे.

खारूचं वजन दोन किलोने वाढलं. तुझ्याकडे काय खात होती, देव जाणे.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पानावर बसून वाचू नकोस. खारूसमोर तर मुळीच नको. एकटी असशील तेव्हा वाच. आईची रीत एवढ्यापुरती मोड, माझ्यासाठी.

जाऊन आले. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या आणि भिंतीवर एका बंदराचं चित्र, तिरकं लागलेलं. मी ते सरळ करायला उठले, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या. मी तीनदा केलं. परत तसंच होतं." कुणी ओरडत नव्हतं. एक आजोबा बायकोला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत होते आणि ती प्रत्येक बातमीला "खोटं आहे" म्हणत होती. दाताच्या दवाखान्यात याहून जास्त रडारड असते.

आत कोच नाही. साधी खुर्ची. डॉक्टरबाई लहानखुऱ्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला यावंसं वाटलं की कुणी पाठवलं?" मी म्हटलं, दोन्ही. मग पाऊण तास विचारत होत्या. झोप किती वाजता मोडते, भूक लागते का, काम होतं का, पूर्वी असं झालं होतं का, घरात कुणाला होतं का, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का. मरावंसं वाटतं का, हेही विचारलं, जिना चढताना दम लागतो का असं विचारावं तसं. मी नाही म्हटलं आणि ते खरं आहे. मला मरायचं नव्हतं. मला काहीच करायचं नव्हतं.

मग म्हणाल्या, "सगळ्यात वाईट दिवस कोणता?"

तू म्हणालीस शब्दन् शब्द, म्हणून लिहिते. नोव्हेंबरातला तो रविवार. मी खिडकीशी घरी आणलेले पुस्तकांचे छापील फर्मे दुमडत बसले होते. खारू न्हाणीघरात घसरून पडली. रडणं मला ऐकू येत होतं. पण मला वाटलं, शेजारचं मूल रडतंय. ताई, खरंच शेजारचं वाटलं. मी मनात म्हटलं, या पोराला कुणीतरी गप्प करा. आणि दुमडत राहिले. रडणं थांबलं, परत सुरू झालं, परत थांबलं. साठ फर्मे झाले. साठ फर्म्यांना मला एक तास लागतो. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हनुवटीतून रक्त गळत होतं. म्हणाली, "आई, मी पडले." आणि मला तिचा राग आला. तिची दया नाही आली, राग आला.

हनुवटीचे टाके शाळेतल्या घसरगुंडीचे, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्याच आठवड्यात तिला तुझ्याकडे आणून सोडली, कारण मला स्वतःची भीती वाटली.

डॉक्टरबाई दचकल्या नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवून पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हा आजार आहे. नैराश्य म्हणतात याला. कान ऐकतात, पण आत पोचत नाही. यावर उपचार आहेत." रक्त तपासायला सांगितलं, कधी कधी थायरॉइडही असं करतं म्हणे. एक गोळी दिली आहे. पहिले काही दिवस मळमळेल, तोंड कोरडं पडेल, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. पंधरा दिवसांनी परत जायचं. पुढच्या वेळी घरचं कुणी सोबत आलं तर बरं, असंही म्हणाल्या.

जूनचं विचारलं. म्हणाल्या, "आज वचन देत नाही. पण अशक्य वाटत नाही." मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

येशील का सोबत?

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

धाकटे,

वाचलं. एकटीने, इस्त्रीच्या खोलीत, कपाटाआड उभी राहून. साठ फर्मे! आणि मोजलेस पण!

मला वाटलं होतं, झोप येत नाही, डोकं जड होतं, एवढंच असेल. आता रोज तिचे केस विंचरताना ती हनुवटी समोर येते आणि माझा हात थांबतो. डॉक्टर दचकली नाही म्हणून तू खूश आहेस. तिचं काय जातं? दिवसभर तिच्यासमोर असल्याच बायका बसत असणार. आमच्याकडे नवी आलेली मुलगी पहिल्या दिवशी रक्ताची चादर बघून ओकते, महिन्याभराने त्याच हातांनी डबा खाते. त्याला कुणी शहाणपण म्हणत नाही.

गोळ्या घे, चुकवू नकोस. अभ्र्यांत मला थुंकलेल्या गोळ्या सापडतात, तशी तू निघू नकोस.

सोबत यायला जमणार नाही. मोठं यंत्र बंद पडलंय आणि इथे तीन मजली ढीग लागलाय. पण एक काम कर. त्या बाईकडून लेखी आण. "ही बाई मुलीला सांभाळायला योग्य आहे, पुन्हा असं होणार नाही." खाली सही आणि शिक्का. शिक्क्याशिवाय मी खात्यातून एक टॉवेल बाहेर सोडत नाही, पोर कशी सोडू?

खारूला विचारलं, आईकडे जाऊन यायचं का दोन दिवस. काही बोलली नाही. मी आग्रह केला नाही.

ताई


३ मार्च

ताई,

मळमळ झाली, तोंडाचा पापड झाला, आठ दिवस हात थरथरत होते. त्या हातांनी सुई ओवायची म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण परवा एक गोष्ट झाली. खळीचं पातेलं उघडलं आणि मला वास आला. आंबूस, घाण वास. मी ओरडले, "शी, ही कधीची खळ आहे?" कटिंगवाले काका म्हणाले, "महिन्याची. रोज तूच वापरतेस." आणि हसायलाच लागले. ताई, इतके दिवस मला वाससुद्धा येत नव्हता.

लेखी मागितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उपचार चालू आहेत आणि गुण येतो आहे, एवढं लिहून देईन. पुन्हा असं होणार नाही, हे कुठल्याही आईबद्दल कुणी लिहून देऊ शकत नाही. माझ्याबद्दलही नाही." तो कागद सोबत पाठवते आहे. शिक्का आहे त्यावर.

त्यांना तुझ्याशी फोनवर बोलायचं आहे. माझी परवानगी विचारली, मी दिली. माझ्याबद्दल त्या तुला जास्त काही सांगणार नाहीत, तुझं ऐकून घेतील. लहानपणापासूनचं तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे? चांगलं सांग हं.

खारूचं एकही अक्षर आलं नाही. पूर्वी तुझ्या पत्राखाली मांजर तरी काढायची.

तुझी धाकटी


१२ मार्च

धाकटे,

आली तुझ्या डॉक्टरणीची स्वारी फोनवर. मी खरं तेच सांगितलं. लहानपणी तू हातातलं काम अर्धं टाकून खिडकीत बसायचीस, आई हाका मारून थकायची आणि उठायचं मी. तुझ्या वाटचं मीच उठत आले. लग्न केलंस तेही असंच अर्धं टाकलंस. तो सोडून गेला म्हणतेस, पण माणूस उगाच जात नाही. आणि खारू इथे आली तेव्हा पंधरा दिवस टेबलाखाली बसून जेवत होती, तेही सांगितलं. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तुला त्रास होऊ नये म्हणून.

सगळं ऐकून घेतलं आणि मग ती बाई मला काय विचारते? "आणि तुम्ही कशा आहात?"

मला! मी काय तिची पेशंट? मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, बाई, माझ्या खात्यात चौदा माणसं आहेत आणि एकही रुमाल हरवत नाही. ती म्हणाली, "खारू परत गेली तर तुम्हाला जड जाईल का?" मी फोन ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला! पैसे तू देतेस तर डोकं तुझंच तपास म्हणावं.

कागद मिळाला. त्यात "गुण येतो आहे" असं आहे. आला, असं नाही.

ताई


२० एप्रिल

ताई,

सव्वा महिना लिहिलं नाही, कारण तुझं ते पत्र पचायला वेळ लागला. टेबलाखाली बसायची, हे मला तेव्हाच सांगायला हवं होतंस.

पण आज चांगलं लिहायचं आहे. मी बरी होते आहे. सकाळी सहाला उठते. मागच्या आठवड्यात तीनशे वह्यांचं काम एकटीने वेळेत दिलं, एकही पुठ्ठा उलटा नाही. मालकांनी काही म्हटलं नाही, म्हणजे खूश आहेत. गोळी अजून सहा-आठ महिने चालेल. डॉक्टरबाईंनी एक युक्ती शिकवली आहे: आत काही पोचत नाहीसं वाटलं की हातातलं खाली ठेवायचं, उठायचं आणि आवाजापर्यंत चालत जायचं. वाटो न वाटो, चालत जायचं. मी रोज सराव करते. जिन्यात कुणी हसलं, कुणाचं भांडं पडलं, की उठून दारापर्यंत जाते. शेजारीण म्हणते, तू फार चौकस झालीस.

आणि त्यांनी हो म्हटलं, ताई! मे अखेरीस खारूला आणायला हरकत नाही, सुरुवातीचे महिने आम्ही दोघींनी मिळून त्यांना भेटायचं. मी अठ्ठावीस मेला येते. खिडकीजवळ तिच्यासाठी पलंग टाकला आहे आणि कामाचं टेबल आतल्या भिंतीला नेलं आहे, न्हाणीघराच्या दारासमोर.

तू पाच महिने तिला सांभाळलंस. हे उपकार मी विसरणार नाही.

तुझी धाकटी


२६ एप्रिल

धाकटे,

तुझी तारीख वाचली. इथली शाळा चांगली आहे, तिचं पुढच्या वर्षाचं नाव मी घालून ठेवलं आहे. तू एकदम उड्या मारायला लागलीस की मला धडकी भरते. आज तीनशे वह्या, उद्या परत खिडकी.

खारू लिहीत नाही अशी तक्रार होती ना? बसवलं लिहायला. मी एक शब्द सांगितलेला नाही. चिठ्ठी आत आहे.

ताई

(चिठ्ठी)

आई,
ते शेजारचं मूल मीच होते ना? मावशीने जेवताना पत्र वाचलं तेव्हा मला आधी कळलं नाही. मग कळलं. काका म्हणाले पुरे, पण मावशी म्हणाली रीत आहे, संपेपर्यंत उठायचं नाही. फर्मा केवढा असतो? साठ म्हणजे खूप का?
खारू


३० एप्रिल

ताई,

इस्त्रीच्या खोलीत, कपाटाआड. शाब्बास.

मी हात जोडून सांगितलं होतं, एकटी असताना वाच. तू आठ वर्षांच्या पोरीला पानावर बसवून ते वाचून दाखवलंस. तिच्यासमोर अन्न होतं, आणि तू तिला सांगत होतीस की तिच्या आईला तिचा राग आला. तुझी जीभ झडली कशी नाही? ती टेबलाखाली का बसली असेल ते मला कळतं. पण पुढे ती गप्प का झाली, ते तुझ्यामुळे, तुझ्यामुळे, तुझ्यामुळे.

हो, त्या दिवसांत मला ती नकोशी झाली होती. मला माझा स्वतःचा हातही नकोसा झाला होता. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. तुला सांगितलं, तू ते ताटात वाढलंस.

लहानपणापासून माझ्या हातात जे असेल ते तुला हवं असायचं. बाहुली घे, पुस्तक घे. पण तुला मूल झालं नाही हा माझा गुन्हा नाही, ताई. तू आई नाहीस. आईच्या जागीही नाहीस. मला माणूस नव्हतं म्हणून मी पोर तुझ्याकडे ठेवली. फुकटची आया होतीस, दुसरं काही नाही.

आणि एवढी रीत पाळतेस ना? मग हेही वाच मोठ्याने! पहिल्या अक्षरापासून वाच!

मी अठ्ठावीसला येते आहे.


६ मे

धाकटे,

वाचलं. तू सांगितलंस म्हणून, मोठ्याने. पहिल्या अक्षरापासून.

"त्या दिवसांत मला ती नकोशी झाली होती" इथे आले तेव्हा खारूने घास गिळला आणि पाणी मागितलं. पुढचं सगळं वाचलं. तुझे भाऊजी मात्र "फुकटची आया" ऐकून उठून गेले. रीत मोडली त्यांनी. दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, जणू काही लिहिलं मीच.

तूही एक ऐक, एकटीने. मी अकरा वर्षं डॉक्टरांच्या दारात काढली. सुया, नळ्या, पोटावर गार हात. पाच दवाखाने झाले. एकानेही पेन खाली ठेवलं नाही. शेवटचा म्हणाला, "आता थांबा," आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. त्या दुपारी मी कामावर परत गेले आणि बाळंतिणींच्या वॉर्डातले कपडे मोजले. मला कुणी आजाराचं नाव दिलं नाही, गोळी दिली नाही, जिन्यात बसून रडायला सवडही दिली नाही. तू घरात मूल असताना त्याला शेजारचं म्हणालीस. माझ्याकडे शेजारचंच मूल आलं आणि मी त्याला घरचं केलं. सांग तुझ्या बाईंना, यातली वेडी कोण?

ये अठ्ठावीसला. मी अडवणार नाही. तिला विचार, आणि ती म्हणेल ते कर.

ताई


९ मे

माझी खारू,

हे पत्र मावशी मोठ्याने वाचेल. वाचू दे. पण नंतर तू स्वतःही वाच. अक्षर मोठं काढलं आहे.

तू विचारलंस त्याची उत्तरं आधी. फर्मा म्हणजे एक मोठा छापलेला कागद, तो दुमडला की पुस्तकाची सोळा पानं होतात. साठ म्हणजे खूप. हो, ते मूल तूच होतीस. तू पडलीस आणि मी आले नाही. तुझी काही चूक नव्हती. तू हळू रडलीस असंही नाही आणि जास्त रडलीस असंही नाही. तुझं रडणं अगदी बरोबर होतं. माझं ऐकणं आजारी होतं.

मला नैराश्य नावाचा आजार झाला होता. आता मी एका डॉक्टरांकडे जाते. तिथे सुई टोचत नाहीत, केसही कापत नाहीत. खुर्चीवर बसायचं, त्या विचारतात त्याचं खरं खरं सांगायचं. कधी रडू येतं, तेव्हा त्या कागदी रुमालाचा खोका पुढे सरकवतात आणि वाट बघतात. घाई करत नाहीत. आपण दोघी मिळून जाऊ तेव्हा तुलाही एक खुर्ची असेल. तू काही बोलली नाहीस तरी चालेल. भिंतीवर एक तिरकं चित्र आहे, ते तू सरळ करून बघ.

तू मला नकोशी झाली होतीस असं मी लिहिलं. ते आजारातलं होतं आणि आता ते गेलं आहे. मावशीला मी वाईट बोलले, तेही चुकलं. तिने तुझे केस विंचरले, तुला जेवू घातलं. तिचं तुझ्यावर प्रेम आहे. माझंही आहे. तुला दोघींतून एक निवडायची नाही.

मी अठ्ठावीसला येते. तू हो म्हणालीस तर आपण घरी जाऊ. रड, ओरड, भांडी आपट, मी उठून येईन. काहीही विचारायचं असेल तर विचार.

तुझी आई


१७ मे

आई,

तुझं पत्र मावशीने वाचलं. मग मी पण वाचलं, दोनदा. मावशी वाचताना मध्येच थांबली, तेव्हा काकांनी वाचलं.

मी मावशीला विचारलं, आई बरी झाली का. ती म्हणाली, अर्धी झाली, गोळ्यांना शांतता लागते, घरात रडारड झाली की आजार परत येतो. काका म्हणाले असं काही नसतं. मग दोघं भांडले. मला खरं कुणाचं ते कळलं नाही, म्हणून मी दोन्ही धरून चालले आहे.

तू दारापर्यंत जायचा सराव करतेस, तसा मी पण सराव करते. न रडायचा. परवा माझं बोट कपाटाच्या दारात सापडलं. नख काळं झालं. मी तोंडात रुमाल घातला आणि शंभर आकडे म्हटले. पाणी आलं डोळ्यांतून, पण आवाज आला नाही. मावशीला कळलंच नाही, ती शेजारच्या खोलीत होती. संध्याकाळी नख बघून ती खूप रडली आणि म्हणाली हाक का नाही मारलीस. तिला मी सांगितलं की मी सराव करते. तेव्हापासून ती पत्र मोठ्याने वाचत नाही आणि जेवतही नाही नीट.

झोपेत मात्र अजून आवाज येतो. काका म्हणतात येतो. तो मला थांबवता येत नाही, कारण मला कळतच नाही. तो गेला की मी लगेच कळवते. तोपर्यंत तू येऊ नको. अठ्ठावीसला तर नकोच, इतक्या लवकर नाही जाणार तो.

तू अर्धी बरी झालीस, ती परत आजारी पडू नको.

खारू